छपरावरचा एसी आणि बिनडोक्याचे मोर

सुरतेहून साक्रीकडच्या आमच्या गावी जायला लोकांना पाच तास लागतात. आम्ही पहिल्या दिवशी पलसाण्यापर्यंत पोचलो. पलसाणा आमच्या पांडेसऱ्यातल्या घरापासून इतकं लांब आहे, की थर्मासमधला घरचा चहा तिथे जीभ भाजेल एवढा गरम होता. तरीही मी हे लिहायला बसले आहे. ज्या बायका अजून गाडीत झोपून कुठे गेल्या नाहीत, त्यांनी निघण्याआधी छपरावर काय असतं ते जाणून घ्यावं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी माझ्या मुलाची, नरेशची. मागच्या वर्षी त्याने ती जुनी घेतली. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, मागे पेटीत बसवलेला जनरेटर आणि छपरावर एसी. असल्या गाडीला कॅम्पर म्हणतात. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स म्हणतात. नरेश मिलमध्ये रंग मिसळतो, दिवसभर वाफेत उभा असतो. त्याला सुट्टीच्या दिवशी गार हवेत आडवं पडायचं होतं, म्हणून ही गाडी. माझी सून वैशाली घरी साड्यांना लेस लावते. आणि मी तेवीस वर्षं मिलमध्ये घडीवर होते. छापून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, रोज शेकड्याने. अजूनही हातात कापड आलं की हात आपोआप घडी घालतात, मग तो रुमाल असो की पोछा.

आता यमुनाबाई. ही माझी नणंद, नरेशची फुई. खान्देशात आत्याला फुई म्हणतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गावी एकटी राहते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मार्चमध्ये तिला ऑपरेशनसाठी बसने सुरतेला आणत होतो, तर नवापूरच्या अलीकडे तिला उन्हाने भोवळ आली. परत नेऊन सोडावी लागली आणि तारीख गेली. आता मे महिन्यातला गुरुवार मिळाला होता. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकून दगड झालाय, आता उशीर केलात तर मला जमेल असं सांगू शकत नाही. बुधवारी दुपारी तपासणीला हजर राहा.

यमुनाबाईने फोनवर तिची अट सांगितली. "गाडी गार असेल तर येते. घाम आला की उतरते." आणि ती खरंच उतरेल. स्वतःच्या लग्नात भात गार वाढला म्हणून ही बाई पंगतीतून उठली होती.

मला तिचा फार पुळका आहे असं कोणी समजू नये. पण दिवाळीला ती दाराच्या चौकटीवर आपटली आणि चौकटीलाच शिव्या देत बसली. तेव्हापासून तिच्याशी भांडायला मजा येईना. दिसत नसलेल्या माणसाशी भांडताना आपणच पडतं घेतो, आणि पडतं घेण्याची मला सवय नाही. आमचं भांडण बारा वर्षांचं आहे. नरेशच्या लग्नात नवऱ्यामुलाची आई म्हणून तिने मला आहेराची साडी दिली होती. पोपटी रंग, काठावर मोरांची रांग. वरून छान. लग्नानंतर उघडून बघते तर आतल्या निम्म्या मोरांना डोकीच नाहीत. छापताना स्क्रीन सरकली की असं होतं, त्या मालाला मिलमध्ये सेकंड म्हणतात. घडी मात्र अशी सफाईने घातलेली, की सगळे बिनडोक्याचे मोर आत दाबलेले. मी मनात म्हटलं, बाई कंजूष आहे, पण हुशार आहे.

ती साडी मी एकदाही नेसले नाही. बारा वर्षं ट्रंकेत पडून होती.

सोमवार, पांडेसरा

सुरतेतल्या आमच्या लोकांकडे उघडी वस्तू राहत नाही. कापडाला तोटा नाही ना. फ्रिजला कव्हर, टीव्हीला कव्हर, मिक्सरला, शिवणयंत्राला, गॅसच्या टाकीला. आमच्या एका शेजारणीने नवऱ्याच्या हेल्मेटला झालर लावली होती. मग गाडीच्या छपरावरचा एसी तेवढा उघडा का राहावा? वर मिलच्या धुराड्यांची काजळी बसते, कबुतरं येतात. मी ट्रंकेतली ती पोपटी साडी काढली, दुहेरी करून शिवली, खालून इलॅस्टिक घातलं आणि वैशालीच्या पेटीतली उरलेली सोनेरी लेस लावली. यमुनाबाईची साडी यमुनाबाईच्याच डोक्यावर बसवून तिला सुरतेला आणायचं, यात मला जो आनंद होता तो मी लपवत नाही. तिला काय दिसणार होतं?

रविवारी संध्याकाळी मागच्या शिडीने वर जाऊन मी कव्हर चढवलं. नरेश शिडी चढत नाही. तीन पायऱ्या झाल्या की त्याचे पाय लटपटतात.

सोमवारी सकाळी गल्लीने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नरेशने खालूनच विचारलं, "आई, वर सगळं ठीक ना?"

"सगळं झाकूनपाकून ठीक आहे," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही.

सोमवार, पलसाणा

एसी पहिली दहा मिनिटं गार होता. मग कोमट झाला. मग वरून करकर आवाज आला, मग नुसतं घूं घूं, आणि मग पाणी. वैशालीच्या उशीवर धार लागली. पलसाण्याच्या आधी हायवेला कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या मिली लागतात, तिथल्या एका ढाब्याच्या आवारात नरेशने गाडी घेतली आणि मेकॅनिकला फोन लावला.

"सीझन आहे, शनिवारी येतो म्हणतोय," नरेश फोन ठेवून म्हणाला. "आई, घरी जाऊ. फुईला जुलैत आणू."

"जुलैत तिचा डोळा राहील का?"

"मग एसी नसलेल्या गाडीतून आणायची? ती मरेल वाटेत."

"मरणार नाही. उतरेल," मी म्हटलं. "आणि सकाळी नारळ फोडून निघालेली गाडी दुपारी परत गल्लीत नेणार? मी जिवंत असेपर्यंत नाही. शिडी धर."

साडी वर खोचून मी छपरावर चढले. वर गेल्यावर कळलं की काय झालंय. एसीचा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि गरम करून मागे टाकतो. त्याला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. हायवेच्या वाऱ्याने कव्हरची एक बाजू फाटून जाळीवर चिकटली होती, सोनेरी लेस आत ओढली गेली होती, आणि पंख्याच्या दांडीवर पोपटी दोरे असे गुंडाळले होते की रिळाने लाजावं. मी मुकाट्याने कव्हर ओढून काढलं आणि पदराखाली घेतलं.

खालून नरेश ओरडला, "काय झालंय?"

"कबुतर!" मी ओरडले. "कबुतराने घरटं केलंय."

तेवढ्यात वैशाली शिडीवरून वर आली. तिने जाळी बघितली, दोरे बघितले, माझ्या पदराखालून लोंबणारी तिचीच लेस बघितली. मग हळूच म्हणाली, "आई, हे कबुतर साडी नेसत होतं का?"

मी लोंबणारी लेस पदरात कोंबली.

"आणि तीही लेस लावलेली?"

"तुला काय पाहिजे ते बोल," मी म्हटलं.

"पुढची खिडकीची जागा, जाताना आणि येताना. आणि महिनाभर सकाळचा चहा तुम्ही करायचा."

"पंधरा दिवस."

वैशाली कठड्याशी गेली. "अहो, ऐकलं का, वर ना..."

"महिना," मी म्हटलं.

"...वर ना खूप मोठं घरटं आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. ज्यांच्या गाडीवर असा एसी आहे त्यांच्यासाठी सांगते, नसेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्या. पहिल्यांदा जनरेटर बंद करायचा आणि एसीची सुटी निघणारी पिन काढून खिशात ठेवायची, म्हणजे खालून कोणी उत्साहाने चालू करणार नाही. नरेशला उत्साह फार, म्हणून पिन मी कमरेला खोचली. वरचं प्लास्टिकचं टोपण चार-सहा स्क्रूंवर असतं, ते काढलं. आत एका बाजूला पंखा आणि उभ्या जाळीसारख्या बारीक पत्र्या, ज्यांना कॉइल म्हणतात. दोरे माझे होते, पण कॉइलवरचा थर माझा नव्हता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तिला हात लावला नसावा. धूळ आणि कापसाचा असा नमदा बसला होता की सोलून काढावा लागला. म्हणजे सगळा दोष माझा नाही. निम्मा.

दोरे वैशालीने तिच्या छोट्या कात्रीने कापून काढले, त्यात तिचा हात बसलेला आहे. कॉइल आम्ही मऊ ब्रशने, वरून खाली, पत्र्यांच्या दिशेने झाडली, मग साबणाच्या पाण्याने हळू धुतली. जोराचं पाणी मारायचं नाही, पत्र्या चपट्या होतात. ज्या आधीच वाकल्या होत्या त्या मी उवांच्या फणीने विंचरून सरळ केल्या. फणी माझ्या पिशवीत असतेच. पाणी जायचं भोक चिखलाने बुजलं होतं, म्हणून वैशालीच्या उशीवर धार आली, ते तारेने मोकळं केलं. पंख्याच्या मोटारीला तेल सोडायचं भोक होतं, त्यात शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब. आतून छताचं झाकण काढलं तर फिल्टर निघाला, तो बेसिनमध्ये धुतला तेव्हा पाणी चहासारखं झालं. चार बोल्ट एसीला छपराशी धरून ठेवतात, ते सैल झाले होते. तेही आतूनच आवळायचे, चारही थोडे थोडे, मधलं रबर निम्मं दबेल इतकंच. एकच बोल्ट पिळला तर रबर एका बाजूला उचलतं आणि पावसाचं पाणी पलंगावर येतं.

ढाब्याची मालकीणबाई, अंगाने आडवी आणि आवाजाने उभी, तिने पाण्याची नळी दिली आणि खुर्ची टाकून बघत बसली. मिलचे ट्रकवालेही जमले. एकाने गुजरातीत हाळी दिली, "मासी, उपरथी शुं देखाय छे?" वरून काय दिसतं म्हणून.

"तारुं टकलुं," मी म्हटलं.

त्यावर मालकीणबाई इतकी हसली, की रात्रीच्या जेवणाला तिने पैसे घेतले तरी छास, म्हणजे ताक, फुकट दिली. जेवण कढी-खिचडी, डाळीत गूळ. पन्नास वर्षं सुरतेत राहून मला अजून कळलेलं नाही की डाळीने या लोकांचं काय बिघडवलंय.

सगळं वाळल्यावर पिन लावली. पंखा हाताने फिरवला तर भोवऱ्यासारखा फिरला, पण विजेवर नुसता घूं करून उभा राहिला. वैशालीने फोनवर एक व्हिडिओ काढून बघितला आणि आत एका डबीकडे बोट दाखवलं. पंख्याला आणि कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारी ती डबी, कॅपेसिटर. तिचं डोकं पुरीसारखं फुगलं होतं.

सोमवार संपला. घर पलीकडेच, आणि आम्ही ढाब्यावर झोपलो.

मंगळवार, पर्वत पाटिया

सकाळी नवी डबी आणायला नरेश आणि मी कोऱ्या कापडाचे ताके घेऊन सुरतेला जाणाऱ्या टेम्पोत बसलो. पांडेसऱ्याचं कोणी बघू नये म्हणून मी तोंडावर पदर ओढून घेतला. नरेश म्हणाला, "आई, लोकांना वाटेल मी कोणाला पळवून नेतोय."

"तेवढं भाग्य तुझं कुठलं," मी म्हटलं.

सुरतेतल्या पर्वत पाटियाला उतरतोय तोच शेजारणीचा फोन. "काकू, कुठे पोचलात?"

उड्डाणपुलाखाली चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. "घाट लागलाय," मी म्हटलं. "गाड्या फार आहेत घाटात."

दुकानदार काठियावाडी म्हातारा, काचेच्या कपाटामागे पंखे, मोटारी आणि वायरींच्या ढिगात बसलेला. त्याने डबी हातात घेतली. "मासी, आ तो फूली गयो." मग तिच्यावरचा आकडा वाचला आणि तोच आकडा असलेली नवी शोधायला वर चढला. "आकडा तोच पाहिजे, जवळपासचा चालत नाही," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "आणि नवी बसवायच्या आधी जुनी जिथून काढली तिथे वायरी कुठली कुठे होती त्याचा फोटो आहे ना?"

"सुनेने काढलाय."

"जुनी बंद असली तरी आत वीज धरून ठेवते. तिला हात लावायच्या आधी बल्बच्या दोन वायरी टेकवून वीज काढली होती का?"

मी नरेशकडे बघितलं. काल डबी मीच काढली होती, आणि काढताना कोपरापर्यंत असा झटका बसला होता की दोन मिनिटं मी यमुनाबाईचं सगळं खानदान आठवलं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"काढली," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने माझ्या हाताकडे बघितलं. त्याला कळलं असावं. "आणि गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही, ते तुमचं काम नाही. कोण बसवणार ही?"

"मी."

म्हातारा नरेशकडे बघू लागला. नरेश उड्डाणपुलाकडे बघू लागला.

"बरोबर," म्हातारा म्हणाला, आणि त्याने डबीबरोबर वायरीला लावायचे दोन चाप फुकट दिले.

दुकानाबाहेर आम्ही लोचो खाल्ला. ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगते, ढोकळा करायला घेऊन मधेच सोडून दिला तर जे होईल ते. वर तेल, शेव, कांदा. चव चांगली असते, पण करणाऱ्याने काम पूर्ण केलं नाही ही भावना जात नाही.

दुपारी बारा वाजता पलसाण्यात मी वर, वैशाली शेजारी फोटो धरून, खाली ढाब्याची मालकीणबाई आणि कालचे ट्रकवाले. नरेश शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा. डबी बसली, वायरी बसल्या, टोपण बसलं. मी कमरेची पिन काढून नरेशला टाकली. जनरेटर धडधडला. पंखा फिरला. आम्ही श्वास धरून थांबलो. दोन मिनिटांनी कॉम्प्रेसर गुरगुरला, आणि आतून नरेशचा आवाज आला, "आई! गार! गार येतंय!" इतका मोठा माणूस, पण आवाज पहिलीतल्या पोरासारखा फुटला होता.

टकल्या ट्रकवाल्याने आत डोकं घालून खात्री करून घेतली.

मंगळवार, नवापूरच्या पुढे

बारडोली, व्यारा, सोनगढ. वैशाली पुढे खिडकीशी, मी मागे पलंगावर, त्याबद्दल मी काही बोलत नाही. सोनगढनंतर डोंगर जवळ येतात, सागाची झाडं मे महिन्यात नुसत्या काठ्या होऊन उभी असतात. नवापूरला पाट्यांची अक्षरं बदलतात. तिथे चहाला थांबलो तर शेजारच्या गाडीवर भजी तळत होता आणि बरोबर हिरवा ठेचा देत होता. ठेचा तोंडात गेला आणि मला बरं वाटलं. एका रेघेच्या अलीकडे डाळ गोड आणि पलीकडे माणसाच्या डोळ्यांतून पाणी. मधे काहीच नाही.

कोंडाईबारीच्या घाटातून गाडी चढत असताना मी वर कान लावून होते. एसी चालूच राहिला. यावेळी शेजारणीचा फोन आला असता तर मी खरं बोलू शकले असते, पण आता तिने केला नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी अंगणातली माती पायाला चटके देत होती. यमुनाबाई दारात खांबाला धरून उभी. तिची बोली अहिराणी. मी इथे सगळ्यांना समजेल असं लिहिते, पण काही वाक्यं तिचीच ठेवते, नाहीतर तिची चव जाते.

"सोमवारी येणार होती ना वं?"

"पलसाण्याला काम निघालं," मी म्हटलं.

"दोन दिवस पलसाण्याला? जमीन घेतली का तिथे?"

तिला हाताला धरून गाडीत चढवलं. ती पलंगावर बसली, हात वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला, मग दोन्ही गाल वाऱ्याकडे फिरवले. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. एवढ्या खटपटीचा निकाल त्या तोंडावर लागायचा होता.

"हाई गाडी शे का फ्रिज शे?" ती म्हणाली.

नरेशने मोठ्याने श्वास सोडला.

पण मग तिने नाक फेंदारलं. "जळक्या कपड्याचा वास येतो. नव्या साडीचा."

"मिलचा वास आहे फुई, आमच्या अंगालाच येतो," वैशाली चटकन म्हणाली. चहाचा महिना तिने प्रामाणिकपणे कमावला, हे मला मान्य करावं लागेल.

"मना डोया गयात, नाक नही गयं," यमुनाबाई म्हणाली आणि तिने पुन्हा हवा हुंगली. तिचं ते हुंगणं मला आवडलं नाही.

तासाभरात गाडीत सगळी आळी होती. बायका, पोरं, दोन म्हातारे. एक म्हातारा कुल्फी कितीला म्हणून विचारत होता. दार सारखं उघडत होतं आणि एसी बिचारा दमला. शेवटी यमुनाबाईनेच सगळ्यांना हाकललं. "गार हवा मना डोयासाठी शे, तुमना साठी नही." रात्री तिने शेवेची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, दिसत नसताना, नुसत्या हाताने. मीठ जास्त पडलं होतं. मी पहिल्यांदाच काही बोलले नाही, आणि तेच तिला लागलं असावं.

बुधवार, परतीची वाट

पहाटे निघालो. यमुनाबाई वाटभर पलंगावर मांडी घालून बसली होती, गोधडी पांघरून. घाटात म्हणाली, "बंद कर वं ते, माले थंडी वाजी ऱ्हायनी." नरेशने एसी बंद केला. दहा मिनिटांनी म्हणाली, "घाम येई ऱ्हायना." चालू केला. दोन दिवस ज्याच्यासाठी मी छपरावर उवांची फणी चालवली त्या एसीला या बाईने सोनगढपर्यंत सात वेळा बंद-चालू करायला लावलं. मला एक गोष्ट कळली. तिला गार हवा नको होती, ऐकणारं माणूस पाहिजे होतं. नरेश ऐकतो. मी नाही.

दुपारी दवाखान्यात वेळेवर पोचलो. साखर बरोबर, रक्तदाब बरोबर. गुरुवारी सकाळी तिला आत नेलं. दाराशी तिने माझं मनगट धरलं. ती घाबरली असेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "परत आल्यावर पहिल्यांदा तुझं तोंड दाखवू नको, आधी नरेशचं दाखव."

शुक्रवार, सुरत

पट्टी निघाली. तिने आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग नरेशकडे, मग माझ्याकडे. "म्हातारी झाली वं तू," म्हणाली. डॉक्टर हसले. मी म्हटलं, दुसरा डोळा राहू द्या, हा एकच पुरे.

तिला काळा चष्मा घालून गाडीत आणली. डोळ्याला पाणी येत होतं, तिने गाल पुसायला फडकं मागितलं, आणि कोणी द्यायच्या आत सीटखाली हात घालून स्वतःच एक काढलं. मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. सोमवारी छपरावरून उतरल्यावर ते फाटकं कव्हर मी सीटखाली टाकलं होतं. टाकलं होतं म्हणजे काय, हाताने सवयीने घडी घातली होती आणि ठेवलं होतं.

यमुनाबाईने काळा चष्मा कपाळावर सरकवला. घडी हातात धरून बघत राहिली. मग उघडली. फाटलेला काठ, लोंबणारी लेस, इलॅस्टिक आणि पोपटी रंगावर बिनडोक्याच्या मोरांची रांग.

"फुई, ते कबुतरांनी..." वैशालीने सुरुवात केली.

"हाई घडी कोणी घाली?" यमुनाबाईने विचारलं.

"मी," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग होता? "तुझ्या साडीचं एसीला कव्हर केलं. बारा वर्षांपूर्वी तू मला सेकंडचा माल दिलास, मी तो छपरावर घातला. फिट्टंफाट."

"मना माल?" यमुनाबाई हसायला लागली. डोळ्यावर ताण येईल म्हणून वैशाली तिला थांबवत होती आणि ती थांबत नव्हती. "वेडी शे का तू? माझ्या पोरीच्या, सुनंदाच्या लग्नात ही साडी तू मला दिली होतीस. सुरतेहून आणलीस म्हणून मी सगळ्या गावाला दाखवली, घडी न मोडता. महिन्याने उघडली तर हे मोर. मी पुन्हा त्याच घडीवर घातली, जपून ठेवली, आणि नरेशच्या लग्नात तुलेच परत दिन्ही."

"खोटं," मी म्हटलं.

"घडी बघ," ती म्हणाली आणि मोडींवरून कापड जसंच्या तसं परत मिटलं. "शेवटचं टोक डाव्या अंगठ्याने आत खोचलेलं. आताही तसंच, तेव्हाही तसंच. तुनी घडी मी वळखस."

मी बघितलं. टोक डाव्या बाजूला आत होतं. मिलमध्ये सेकंडच्या मालाला आम्ही अशीच घडी घालायचो, दोष आत जाईल असा हात वळवून. त्या वर्षी मिलमधून मी सेकंडचा अख्खा गठ्ठा स्वस्तात उचलला होता आणि नात्यातल्या सगळ्या लग्नांत एकेक वाटली होती. एकही उघडून बघितली नव्हती. घडीवरची बाई घडी घालते, उघडत नाही. बारा वर्षं मी ज्या कंजूष बाईला मनात शिव्या दिल्या ती मीच होते, आणि जिच्या घडीचं मी मनातल्या मनात कौतुक केलं तीही मीच.

"एसीला घातलं होतंस?" यमुनाबाईने विचारलं.

"हो."

"मग दोन दिवस पलसाण्याला त्याच्यापायीच होतीस."

पुढे नरेश गाडी चालवत होता, आणि त्याच्या मानेवरून मला कळेना की त्याने ऐकलं की नाही.

त्याला महिना झाला. यमुनाबाई अजून आमच्याकडेच आहे, दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या आठवड्यात. सकाळचा चहा मी करते. एसीला नवीन कव्हर शिवलंय, जाड सुती कापडाचं, आणि त्याची नाडी गाडीच्या चावीला बांधली आहे, म्हणजे कव्हर काढल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. ही युक्ती माझी, ज्यांना पाहिजे त्यांनी घ्यावी.

पोपटी साडीचा चांगला तुकडा यमुनाबाईने स्वतःकडे ठेवला. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी तिने वैशालीकडून सुई मागितली, दोरा पहिल्या झटक्यात ओवला, आणि खिडकीशी बसून एका बिनडोक्याच्या मोराला निळ्या दोऱ्याने डोकं भरलं. तीन दिवस लागले. तो तुकडा आता आमच्या फ्रिजवर आहे.

काल नरेश मिलमधून आला, पाण्याची बाटली काढता काढता थांबला आणि वाकून बघायला लागला.

"आई, या मोरांच्या रांगेत हे कबुतर कुठून आलं?"

मी यमुनाबाईकडे बघितलं. ती सुईत दुसरा दोरा ओवत होती, मान वर न करता.

वैशालीने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "तेच ते, एसीत घरटं केलं होतं ना!"